चौथा सड

गोठ्यातले दिवे लागायच्या कितीतरी आधी थोरली उठायची. बोटं उघडायला तेवढा वेळ लागायचा.

रात्रभरात हातांचे पंजे अर्धवट मिटून घट्ट व्हायचे, कुणीतरी झोपेतच हातात बादली अडकवून ठेवल्यासारखे. मूठ पूर्ण वळायची नाही, पंजा पूर्ण पसरायचा नाही. बोटांच्या मुळाशी सूज होती, दोन्ही हातांना सारखीच, त्याच त्याच बोटांपाशी. हात गरम लागायचे. बाहेर एवढी थंडी होती की खिडकीच्या काचेवर आतून पाणी साचायचं, आणि हिचे हात मात्र ताप आल्यासारखे.

तिने दोन्ही तळव्यांच्या मध्ये पातेलं धरून स्टोव्हवर ठेवलं. पाणी कोमट झालं तसे मनगटापर्यंत हात आत बुडवले आणि डोळे मिटून बसली. पाण्यातच एकेक बोट दुसऱ्या हाताने वाकवायचं, सोडायचं. पहिल्यांदा वाकवताना दात आवळले जायचे. मग हळूहळू सांधा ऐकायला लागायचा, तोही उपकार केल्यासारखा.

"झोपलात का?" तिने नवऱ्याला विचारलं.

"नाही."

"मग स्वेटरची बटणं लावा."

नवरा उठून बसला. दिवसभर चारा कापायच्या यंत्रापुढे उभा राहून त्याची बोटं जाड झाली होती. छोटी बटणं त्याच्या चिमटीत सापडत नव्हती. ती मान वर करून उभी राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, दोन बाळंतपणं झाली, पण असं लहान मुलासारखं उभं राहून बटणं लावून घेताना तिला जेवढी लाज वाटायची तेवढी कधी वाटली नव्हती. लाज वाटली की लगेच मागोमाग राग यायचा. तो नवऱ्यावर निघायचा, कारण तोच जवळ असायचा.

"वरचं खाली घातलंत. काढा पुन्हा."

"अंधारात दिसत नाही गं."

"माझे हात दिसतात ना? तेवढे पुरे."

कोपऱ्यातल्या खाटेवरून सासू बोलली, "वात आहे तो. तेल लावून जिरवायचा असतो. माझ्या गुडघ्यांत काय कमी वात होता? मी कधी घरी बसले?"

"आत्ता झोपूनच बोलताय, आत्याबाई."

"आत्ताचं सोड. तेव्हाचं सांगते मी."

पलीकडच्या खोलीतून धाकटी जाऊ डोक्याला फडकं गुंडाळत बाहेर आली. तिचा नवरा ट्रकवर असायचा, घरी क्वचित यायचा. दोघी जावा गोठ्याकडे निघाल्या. वाटेवरचं गवत दवाने पांढरं झालं होतं.

"जाऊबाई," धाकटी म्हणाली, "भाऊजींना लावायलाच एवढा वेळ लागतो का? का काढायलाही लागतो?"

"तोंड आवर," थोरली म्हणाली. पण पुढची चार पावलं तिला हलकी गेली.

दुखण्याला नाव होतं. पेरण्यांच्या वेळी ती मोठ्या दवाखान्यात जाऊन आली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एकेक सांधा दाबून विचारलं होतं, इथे? इथे? रक्त तपासलं. मग सांगितलं, की हा संधिवात आहे, पण म्हातारपणाचा नाही. शरीराची फौज परक्यांशी लढायची सोडून आपल्याच सांध्यांवर चालून जाते. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या दिल्या. गुण यायला काही महिने लागतील, मध्येच सोडायच्या नाहीत, आणि तोवर हातांनी जोराची पकड करायची नाही.

"मी धारा काढते," थोरली म्हणाली होती.

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "हलकं काम मागून घ्या."

परतीच्या गाडीत तिने नवऱ्याला विचारलं होतं, "हलकं काम म्हणजे कुठलं हो? खुर्चीत बसून दुसऱ्याला हलकं काम मागून घ्या म्हणायचं, ते का?" नवरा खिडकीबाहेर बघत राहिला. गोळ्या मात्र तिने चुकवल्या नाहीत. ज्या दिवशी घ्यायची त्या दिवशी तोंडाची चव जायची, मळमळायचं, तरी धार चुकायची नाही.

गोठा मोठा होता. दोन्ही बाजूंना गव्हाणी, मधून फरसबंद वाट, वाटेच्या कडेला मुताची नाली. मालकी एका बाईची होती. सगळे तिला मालकीणबाई म्हणायचे. ती लांब राहायची आणि मुकादमाच्या कानांनी ऐकायची. गोठ्याचा नियम जुना होता. ज्या घरातून धार काढायला दोघं येतील त्या घराला खोल्या. दोघांचा एक झाला, की खोल्या सोडायच्या. थोरलीच्या घरात त्या दोघी होत्या. नवरा चाऱ्यावर होता, पण चाऱ्यावरचा माणूस खोल्यांसाठी धरत नसत.

दुसरा नियम गाईंचा होता. ज्या गाईला ज्या हाताची सवय, त्याच हाताने तिची धार काढायची. हात बदलला की गाय पान्हा चोरते.

थोरलीच्या वाट्याला एकशिंगी होती. वासरी असताना तिचं एक शिंग गव्हाणीत अडकून मोडलं होतं. सड आखूड आणि कडक, मूठ आवळून दाबलं तरच धार फुटायची. पण कास भरली की सगळ्या गोठ्यात तिच्याएवढं दूध कुणाचं नव्हतं. पहिल्या वेतापासून थोरलीच तिच्याखाली बसत आली होती. जीभ टाळूला लावून एक बारीक आवाज काढायची, कास धुता धुता गाईच्या पोटाला कपाळ टेकायची, आणि एकशिंगी चारी सडांत दूध सोडायची.

थंडी सुरू झाल्यापासून दोघी जावांनी चोरून अदलाबदल केली होती. मुकादम पुढच्या टोकाला गेला, की धाकटी एकशिंगीखाली बसायची आणि थोरली धाकटीच्या मऊ सडाच्या गाई घ्यायची. त्या गाईंना नुसता हात लावला तरी धार लागायची. पण एकशिंगी धाकटीला ओळखत नव्हती. अर्धंमुर्धं सोडायची आणि बाकीचं वर ओढून धरायची.

मुकादमाला दुधाची नोंदवही वाचायचा कंटाळा होता, पण बादलीतल्या दुधाची पातळी तो लांबून ओळखायचा. एका सकाळी चाऱ्याच्या ढिगामागे दिवा विझवून उभा राहिला.

"वा," तो पुढे येत म्हणाला. "जागा बदलल्या होय. मला वाटलं गाय आटली."

धाकटी उठून उभी राहिली. थोरली उठली नाही. हातातली धार अर्धी होती.

"थोरले, तुला सांगतोय."

"ऐकतेय."

"हात दाखव."

तिने हात पुढे केले. दुधाने आणि पाण्याने ओले, बोटांची मुळं फुगलेली. त्याने बॅटरीचा झोत पाडला आणि वाकून बघितलं, जनावराचा खूर बघतात तसं. शेजारच्या बायका आपापल्या गाईच्या पोटाआडून बघत होत्या.

"सूज आहे," मुकादम म्हणाला. "कुणाला नसते? माझी कंबर बघ. सकाळी मोजे घालता येत नाहीत मला. मी सांगतो का कुणाला?"

"आत्ता सांगितलंत."

कुणीतरी हसलं. मुकादमाने झोत तिच्या तोंडावर मारला.

"उद्यापासून आपापली गाय. जमत नसेल तर आजच बोल. खोल्या मागणारी माणसं दारात उभी आहेत."

"जमतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती एकशिंगीखाली बसली. कास धुतली, आवाज काढला, गाईने पान्हा सोडला. मग सडाभोवती बोटं लपेटली आणि दाबलं. मधली दोन बोटं आत वळलीच नाहीत. दुधाची एक बारीक, वाकडी रेघ बादलीच्या काठावर पडली. पुन्हा दाबलं. मनगटातून कोपरापर्यंत कळ गेली आणि डोळ्यांत पाणी आलं. पान्हा फार वेळ थांबत नाही. थांबलेलं दूध परत वर जातं आणि मग काही केल्या खाली येत नाही. वाटेच्या टोकाला मुकादमाचे बूट वाजत होते.

तिने अंगठा मोडला.

अंगठ्याचं पेर आत दुमडून त्याच्या हाडावर सड दाबायचा, की बोटांची ताकद लागत नाही. खांदा आणि दंड काम करतात. धार भरभर निघते. पण सडाला आतून इजा होते. धाकटी या घरात नवी आली तेव्हा ती असंच करायची. तेव्हा थोरलीने तिच्या हातावर ओल्या फडक्याचा फटका मारला होता. "तो सड आहे. आंबा नाही चोखायचा," असं सगळ्यांसमोर म्हणाली होती.

बादली भरली. मुकादम बघून गेला. "जमतं की," म्हणाला.

रोज जमत राहिलं. अंधार असायचा, हात गाईच्या पोटाखाली असायचे, कुणाला दिसायचं नाही. एकशिंगी हळूहळू पाय उचलायला लागली. आधी मागचा एक पाय जागच्या जागी हलवायची, मग थोरली जवळ आली की सगळं अंग चोरायची. थोरली पोटाला कपाळ टेकायची तेव्हा गाईची कातडी थरथरायची. थोरलीला कळत होतं. कळत असून ती करत होती, आणि त्याचा राग बादलीवर, दाव्यावर, धाकटीवर, जेवताना ताटावर निघत होता.

मग एका सकाळी मागच्या उजव्या सडातून दह्यासारखे कण आले. तिने ती धार जमिनीवर सोडली आणि पायाने वर चारा ओढला. संध्याकाळी कासेचा तो भाग तापला होता. दुसऱ्या दिवशी तो हाताला दगडासारखा लागला.

जनावरांचा डॉक्टर त्याच दुपारी आला. त्याने कास चाचपली, सड पिळून तळहातावर पाणी घेतलं, वास घेतला.

"दगडी झालीय. या बाजूचं दूध यापुढे मिळेल असं धरू नका. कुणीतरी अंगठा मोडून धार काढलीय."

मुकादमाने ओळीकडे बघितलं. थोरली नालीकडे बघत उभी राहिली. धाकटी थोरलीच्या हातांकडे बघत होती.

"हिला आता पूर्ण विश्रांती," डॉक्टर म्हणाला. "खाली मऊ चारा पसरा. दिवसातून तीनदा गरम पाण्याचा शेक. दुखऱ्या सडाला कुणी जोर लावायचा नाही."

"लगेच करतो," मुकादम म्हणाला. "थोरले, पाणी तापव."

पाणी तापवलं. मुकादमाने स्वतः मऊ चारा आणून पसरला. थोरली गुडघ्यांवर बसली, फडकं गरम पाण्यात बुडवलं, आणि दोन्ही तळव्यांनी गाईच्या दुखऱ्या कासेवर धरलं. ऊब फडक्यातून गाईला लागत होती आणि तिच्या बोटांनाही. एकशिंगीने मोठा श्वास सोडला. थोरलीची बोटं सैल झाली. दोघींची कळ एकाच फडक्याखाली उतरत होती, आणि थोरलीला एवढा संताप आला की तिला वाटलं बादली उचलून मुकादमाच्या डोक्यात घालावी. बादली उचलायला हात मात्र हवे होते.

घरी धाकटीने दार लावून घेतलं आणि मग तोंड उघडलं.

"मला फटका मारला होतात त्यासाठी. सगळ्यांसमोर."

"हो."

"आणि स्वतः तेच?"

"मग काय करायला हवं होतं? सांग ना. रिकामी बादली दाखवून घरी यायचं होतं? सामान बांधून ठेवलं असतंस तू?"

"निदान मला सांगायचं. रोज शेजारी बसते मी."

"तुला सांगून मला काय तुझे हात फुटणार होते?"

धाकटी रडली नाही. तिने थोरलीच्या पुढ्यातलं पातेलं ओढून घेतलं आणि घासायला बसली. एवढ्या जोराने घासलं की सासूने खाटेवरून विचारलं, "भोक पाडतेस का?"

नवरा म्हणाला, "मी मुकादमाशी बोलतो. तुला शेणाकडे टाकतील. तिकडे घाई नसते."

"फावडं कशाने धरू? पायांनी?"

"मग घरी बस."

"आणि खोल्या?"

तो उठून बाहेर जाऊन उभा राहिला. त्याच्या पाठीकडे बघून तिला त्याची दया आली, आणि दयेचाही राग आला.

पुढच्या आठवड्यात गोठ्यात धार काढायचं मशीन आलं. कंपनीचा माणूस ते जोडून देत होता. भिंतीला एक नळ बसवला, त्याला रबरी नळ्या, नळ्यांना चार चार कप, आणि बंद सडाच्या कपात घालायला रबरी बुचं. मध्ये एक काचेची वाटी, दूध येतंय की नाही ते दिसावं म्हणून. खाली घट्ट झाकणाचा कॅन. त्याने सगळ्यांना ओळीत उभं केलं.

"घाबरायचं काही नाही. कपात अंगठा घालून बघा."

बायका एकमेकींना ढकलत पुढे आल्या. एकीने अंगठा घातला आणि ओरडून मागे झाली. "मेलं, हे तर माझ्या तान्ह्यासारखं ओढतं," ती म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

थोरलीने उजवा अंगठा घातला. रबराने तो अलगद धरला, ओढला, सोडला. पुन्हा धरला, सोडला. एका चालीत. दुखलं नाही. तिने डोळे मिटले. इथे दाबायचं काहीच नव्हतं. कास धुवायची, पान्हा आला की कप एकेक लावायचे, वाटीत धार बारीक झाली की काढायचे. तिचे हात सकाळीही एवढं करू शकत होते.

"पुढची या," कंपनीचा माणूस म्हणाला. "तुमचा अंगठा काय दूध देणार आहे का?"

मुकादमाने घसा साफ केला. "ऐका सगळ्यांनी. मशीनवर माझे दोन पुतणे राहतील. बायकांनी नेहमीसारखी कास धुवायची, गाय पान्ह्याला आणायची आणि बाजूला व्हायचं. मशीन बायकांचं काम नाही." मग थोरलीपाशी थांबून आवाज खाली केला. "आता एवढे हात लागणार नाहीत. तुमच्या घरातून धाकटी पुरे. तुझ्याने असंही होत नाही. गाईचा सड गेला तो कुणामुळे गेला, ते मला कळत नाही असं समजू नकोस. महिनाअखेर खोल्या मोकळ्या करा."

मूठ आवळता येत नसेल तर राग कुठे धरायचा, ते तिला त्या क्षणी समजलं नाही. तो तसाच अंगभर पसरला.

तिसऱ्या दिवशी मशीन बघायला मालकीणबाई स्वतः आली. अंगावर लोकरीची शाल, पायांत गोठ्याला न शोभणारे स्वच्छ बूट. मुकादम तिला नालीच्या कडेने जपून आणत होता.

थोरली एकशिंगीपाशी उभी होती. गाय विश्रांतीतून उठली होती. तीन सड चालू होते, चौथ्याला काही येत नव्हतं. धुवायचं पाणी बादलीत निवत होतं. थोरलीने फडक्याला हात लावला नाही.

पुतण्याने घाईघाईने कप लावले. मशीन धपधप करायला लागलं. काचेची वाटी कोरडी राहिली. एकशिंगीने पाय झाडला आणि कप खाली शेणात पडले.

"पान्ह्याला आण की तिला," पुतण्या म्हणाला.

"नाही."

"काय नाही?"

"आणत नाही."

मुकादम तरातरा आला. "थोरले, मालकीणबाई आल्यात."

"दिसतंय मला."

शेजारच्या गाईखाली धाकटी कास धूत होती. तिचा हात थांबला. ती क्षणभर तशीच बसून राहिली, मग ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली, ते बहुतेक थोरलीलाच होतं. आणि तिने फडकं बादलीत टाकून दिलं.

"हिचं काय आहे?" मालकीणबाईने विचारलं.

"काही नाही बाई. हात गेलेत हिचे. रागराग करते."

"गेलेले नाहीत," थोरली म्हणाली. "सकाळी उशिरा येतात. औषध चालू आहे."

"मग उशिरा ये," मालकीणबाई म्हणाली.

"गाई थांबतील?"

मालकीणबाईने शाल आवळून घेतली. थोरलीचा आवाज कापत होता, पण तो भीतीने नव्हे.

"बाई, हे मशीन कशाला आणलंत? हातांची ताकद लागू नये म्हणून ना? मग माझ्या हातांत ताकद नाही म्हणून मला मशीन नाही, हे कसलं गणित? ज्यांच्या हातांत ताकद आहे त्यांना ताकद न लागणारं काम. मला शेणाचं फावडं. आणि तेही नाही, मला सरळ दार."

"शहाणपणा पुरे," मुकादम म्हणाला. "बाई, ही गाय हिनेच खराब केली. अंगठा मोडून. विचारा हिला."

"केली," थोरली म्हणाली.

धाकटीने डोळे मिटून घेतले.

"मीच केली. मूठ वळत नव्हती. यांनी माझे हात झोत टाकून बघितलेले होते. बघून म्हणाले, आपापली गाय. मी जमतं म्हणाले, कारण नाही म्हटलं तर खोल्या जात होत्या. सड गेला तेव्हा त्याच दुपारी डॉक्टर आला. खाली मऊ चारा घातला, गरम पाणी दिलं, कुणी जोर लावायचा नाही म्हणाले. मीच शेकलं तिला. तिला कुणी विचारलं नाही, तुझं काम जमतं का म्हणून."

गोठ्यात फक्त मशीनचा आवाज होता, शेणात पडलेले कप हवा ओढत होते. मालकीणबाई नाराज होती. तिला गोठ्यात कुणी असं बोललं नव्हतं, आणि तिला या बाईची कीव आली होती असंही नव्हतं. तिने कोरड्या काचेच्या वाटीकडे बघितलं, मग ओळीतल्या गाईंच्या तुंबलेल्या कासांकडे.

"माझी गाय घालवलीस आणि वर मलाच ऐकवतेस," ती म्हणाली.

"हो."

"लाव बघू."

"बाई, पण..." मुकादम म्हणाला.

"लावू दे. या ओळीला ही लावेल. आठवडाभर बघते. एक कप जरी पुन्हा शेणात पडला, तर खोल्या रिकाम्या."

थोरलीने पुतण्याच्या हातून कप घेतले, धुतले. फडकं भिजवलं. निवलेल्या पाण्याने बोटं पुन्हा आखडायला लागली होती. कास धुतली, जीभ टाळूला लावून आवाज काढला, पोटाला कपाळ टेकलं. एकशिंगीने अंग चोरलं. थोरली तशीच थांबली. मागे सगळे बघत होते. गाईची कातडी थरथरली, मग थरथर थांबली. सड भरले.

तिने एक कप लावला, दुसरा, तिसरा. चौथ्या कपात रबरी बूच घातलं आणि तो बाजूला लटकवून ठेवला. बूच बसवताना तिने एकदाच त्या सडाकडे बघितलं. तो सुरकुतला होता. काचेच्या वाटीत दूध फेसाळत यायला लागलं.

धाकटीने बादलीतून फडकं काढलं आणि पिळलं.

दोन गाई झाल्या, कॅन भरला. दुसरा कॅन घ्यायचा होता. त्याच्या झाकणाला लोखंडी कडी होती, नवी आणि कडक. ती दोन बोटांनी उचलून अंगठ्याने मागे ढकलायची होती. थोरलीने प्रयत्न केला. कडी हलली नाही. बोट सटकून नखाखाली रक्त आलं. एरवी तिने पाठ फिरवली असती, दातांनी ओढली असती, कोपराने ठोकली असती, कुणाला दिसू दिलं नसतं. या थंडीत तिने दातांनी गाठी सोडल्या होत्या, हाताच्या तळव्यांनी कप उचलून चहा प्यायला होता, दाराची कडी कपाळाने सरकवली होती.

धाकटी उठायला लागली. थोरलीने तिला मानेने बस म्हटलं.

"मुकादम," ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "झाकण उघडा."

मुकादमाने पुतण्यांकडे बघितलं. ते पलीकडच्या टोकाला होते. त्याने मालकीणबाईकडे बघितलं. ती शाल सावरत कॅनकडे बघत होती, पुढची गाय ताटकळली होती आणि कुणीतरी झाकण उघडायला हवं होतं.

तो आला. कॅनपाशी वाकताना अर्ध्यावर अडकला, कंबरेला हात लावला, आणि त्याच्या तोंडून एक बारीक कण्हणं बाहेर पडलं. ते त्याने खोकल्यात लपवलं. थोरलीने ऐकलं. त्याने कडी ढकलली. झाकण उघडलं.

तिने कप उचलले आणि पुढच्या गाईकडे वळली.

"उद्याही लागेल," ती मागे न बघता म्हणाली.